भाषण येते म्हणजे नेतृत्व येते?

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी व्यासपीठ येते. ज्याचा आवाज खणखणीत आणि ज्याला शब्द शोधावे लागत नाहीत तो पुढारी, असे आपण शाळेपासून धरून चालतो. नव्या मुख्याध्यापकाने पहिल्याच दिवशी दमदार बोलावे अशी शिक्षकांची अपेक्षा असते. चार माणसांत बोलता येत नाही म्हणून हिशेबात चोख असलेली बाईही बचत गटाचे अध्यक्षपद दुसरीकडे सरकवते. खानदेशातली टिकलेली कामे मात्र वेगळेच सांगतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गेल्या शंभर वर्षांत जे उभे राहिले आणि राहिले, त्यात बोलण्याचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी आहे.

यावर पहिला आक्षेप विनोबांचे नाव घेऊनच येईल, आणि तो रास्त आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. हे बोलणेच होते आणि फार वरच्या दर्जाचे होते. पण ते आपल्यापर्यंत पोचले कसे? समोर बसलेल्या कैद्यांत साने गुरुजी होते आणि ते प्रवचन ऐकता ऐकता लिहून घेत होते. ती लेखणी नसती, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींच्या आतच राहिले असते. ‘गीता प्रवचने’ पुढे भारतातल्या बहुतेक भाषांत गेली, ती एका बोलणाऱ्याच्या आणि एका ऐकणाऱ्याच्या जोडकामातून. आपल्या संस्थांत नेमके याच कामाला किंमत नाही. ग्रामसभा असो, दूध सोसायटी असो की शाळेची व्यवस्थापन समिती, इतिवृत्त लिहिणे हे कनिष्ठाचे काम मानले जाते. सभेत सर्वांत मोठ्याने बोललेला माणूस महत्त्वाचा ठरतो. सहा महिन्यांनी वाद निघाला की मात्र वहीत काय लिहिले आहे तेवढेच उरते. कोण काय म्हणाले, कोणाची हरकत कशाला होती, काय ठरले आणि ते कोणी करायचे, हे ज्याने नीट ऐकून लिहिले त्याच्या हातात त्या सभेचे पुढचे आयुष्य असते. मग त्या कामाला कारकुनी का म्हणायचे?

दुसरा गैरसमज त्याहून रोजचा आहे: सांगितले म्हणजे पोचले. ‘मी तर सूचना दिली होती’ हे वाक्य कार्यालयात, शाळेत, केळीच्या बागेत कापणीला आलेल्या टोळीच्या मुकादमाकडून, सगळीकडे ऐकू येते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांनी खोली झाडली नाही तर ते स्वतः झाडत, मळके कपडे पडलेले दिसले तर धुऊन टाकत. आजचा कोणीही अनुभवी अधिकारी यावर म्हणेल, की असे केले तर हाताखालची माणसे सगळेच आपल्या अंगावर टाकतील. ही भीती खोटी नाही. नुसते राबणारा वरिष्ठ सोयीचा नोकर होऊन बसतो. पण गुरुजी मुके राहून राबत नव्हते. छात्रालयासाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत. काय व्हायला हवे आणि का, हे मुलांना त्यातून रोज कळत होते. शब्द आणि हात एकाच दिशेने चालले म्हणून शब्दाला वजन आले. दोन्हींपैकी एक काढून घेतले तर दुसरे निकामी होते. भवरलाल जैन यांच्याबाबतही हेच दिसते. वाकोदला जन्मलेल्या या माणसाने 1963 साली रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली आणि पुढे ठिबक सिंचन शेतोशेती नेले. पाट भरून पाणी देण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला ‘कमी पाण्यात जास्त पीक येते’ हे वाक्य थापच वाटणार. जैन यांच्या ‘जैन हिल्स’ या प्रक्षेत्रावर उभे पीक पाहिल्यावर तोच शेतकरी प्रश्न विचारू लागतो, आणि त्याने प्रश्न विचारला की खरा संवाद सुरू होतो.

तिसरा समज असा, की ठरवायचे नेत्याने आणि मानायचे लोकांनी. सगळ्यांना विचारत बसले तर काम कधी होणार? साक्री तालुक्यातले बारीपाडा हे आदिवासी गाव याचे सर्वांत भरभक्कम उत्तर आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डोंगर तोडीने उघडे पडले होते आणि पाण्याची टंचाई होती. झाडे तोडू नयेत असा नियम तेव्हा नव्हता का? होता. जंगलावर सरकारी कायदा इंग्रजांच्या काळापासून होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत जंगल गेले. कमतरता हुकमाची नव्हती. ज्याच्या चुलीला लाकूड लागते त्यानेच तो नियम आपला मानायला हवा होता. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार शहरातल्या नोकरीकडे न जाता गावात राहिले. गावाने एकत्र बसून तोडीवर बंदी घातली, दंड ठरवला आणि राखणीचे काम स्वतःकडे घेतले. आज सुमारे 445 हेक्टर जंगल गाव सांभाळते. 2003 साली या कामाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2025 मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. अखेर पुरस्कार एकाच माणसाला मिळाला ना, असे कोणी विचारेल. सुरुवात करणारा माणूस लागतोच, हे मान्य. पण शेकडो हेक्टरांवर एका माणसाची नजर पुरत नाही. कुऱ्हाड थांबली ती शेजाऱ्याने शेजाऱ्याला अडवले म्हणून, आणि शेजाऱ्याला अडवण्याचा अधिकार त्या बैठकीतून आला.

याच गावातली आणखी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. 2004 पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा होते. बायका जंगलातून भाज्या आणतात, रांधतात, कोणती कधी मिळते आणि कशी शिजवायची ते सांगतात. सभेत सहसा न बोलणाऱ्या बायकांना बोलायला शिकवा, हा आपला नेहमीचा उपाय असतो. इथे जिच्यापाशी ज्ञान आहे तिला ते सहज सांगता येईल अशी जागाच तयार झाली. ज्या संस्थेत निम्मी माणसे गप्प असतात, तिथे दोष त्यांच्या धिटाईचा की सभेच्या रचनेचा, हे आधी तपासायला हवे.

मग भाषणाचे काहीच काम नाही का? आहे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरने ते दाखवले. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले. अध्यक्ष पंडित नेहरू होते, भाषणेही गाजली. पण शेतीविषयक कार्यक्रम तिथे मांडला गेला त्याआधी, त्याच वर्षीच्या लखनौ अधिवेशनाने प्रांतिक समित्यांकडून शेतीच्या प्रश्नावर शिफारशी मागवल्या होत्या. अधिवेशन शहरातून खेड्यात आणावे हा गांधीजींचा आग्रह होता, आणि बांबूसारख्या साध्या सामानातून नंदलाल बोस यांनी त्या नगराची सजावट केली. शेतकऱ्याला ‘तू महत्त्वाचा आहेस’ हे व्यासपीठावरून सांगण्याआधी सगळे नगरच त्याच्या शिवारात उभे राहिले होते.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला तर बैठक बोलावता येत नाही. तेव्हा कोणीतरी ओरडून सांगावेच लागते, की तुम्ही या अंगाने जा, तुम्ही त्या अंगाने. कारखान्यात अपघात झाला किंवा नदीला पूर आला तरी तसेच. अशा वेळी हुकूम चुकीचा नसतो. मात्र त्या हाकेला किती माणसे धावतात हे वणव्याच्या दिवशी ठरत नाही. आधीच्या वर्षांत जंगलाचे नियम ठरवताना ज्यांना विचारले गेले, ती माणसे ते जंगल आपले समजून धावतात, आणि हाक देणारा त्या दिवशी गावात नसला तर त्यांच्यातलाच दुसरा कोणी हाक देतो.