बुडाशी आग असलेली गोळी

रे रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की दारूखाना लागतो. 2014 च्या नोव्हेंबरात इथल्याच किनाऱ्यावर ‘विक्रांत’ कापायला सुरुवात झाली. भारताची ही पहिली विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली होती. पुढे काही वर्षं मुंबईकरांनी ती संग्रहालय म्हणून पाहिली आणि शेवटी ती गॅस कटरखाली गेली. तिच्यावर एके काळी 40 मिलिमीटरच्या बोफोर्स विमानवेधी तोफा होत्या. या जातीच्या तोफेसाठी दुसऱ्या महायुद्धात जे गोळे बनले, त्यांच्या रचनेत एक चतुर युक्ती होती.

गोळ्याच्या बुडाशी जळणाऱ्या मसाल्याची छोटी कुपी असे. गोळा सुटला की ती पेटायची आणि तोफचीला आपला गोळा कुठे चाललाय ते आकाशात दिसायचं. काही सेकंदांत मसाला संपायचा. तोवर विमानाला लागला नसेल, तर त्याच मसाल्याची आग आत पोचून गोळा हवेतच फुटायचा. नेम चुकलेला जिवंत गोळा आपल्याच शहराच्या छपरांवर पडू नये, यासाठी हा बंदोबस्त. या बुडाशी जळणाऱ्या मसाल्याला म्हणतात ट्रेसर. रायफल आणि मशीनगनच्या गोळीतही तो असतो, फक्त पेन्सिलीच्या टोकाएवढा.

रात्रीच्या गोळीबाराच्या चित्रफितींत लाल ठिपक्यांची रांग धावताना दिसते, ती या ट्रेसरची. मशीनगनच्या पट्ट्यात साधारणपणे चार साध्या गोळ्यांमागे एक ट्रेसर भरतात, म्हणून दोन ठिपक्यांच्या मधे न दिसणाऱ्या चार गोळ्या धरायच्या. लाल रंग येतो स्ट्रॉन्शियमचा. मसाल्यात स्ट्रॉन्शियम नायट्रेट, मॅग्नेशियमची भुकटी आणि या दोघांना बांधून ठेवणारं क्लोरीनयुक्त प्लास्टिक असतं. मॅग्नेशियम जळतं, नायट्रेट त्याला प्राणवायू पुरवतं आणि क्लोरीनमुळे लाल रंग गडद होतो. सोविएत आणि चिनी बनावटीच्या ट्रेसरमध्ये बरेचदा बेरियम असतं, त्यांची रेघ हिरवी दिसते. दिवाळीच्या लाल-हिरव्या फुलबाजीचं रसायन जवळजवळ हेच आहे. फरक इतकाच, की ही फुलबाजी सेकंदाला 800 मीटरच्या वेगाने निघते आणि विझवायला तिच्यामागे कुणी धावू शकत नाही.

इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात .303 च्या गोळीत ट्रेसर बसवले. झेपेलिन नावाची जर्मन हवाई जहाजं रात्री लंडनवर यायची आणि वैमानिकाला आपली गोळी कुठे जाते तेच कळत नसे, ही तेव्हाची एक अडचण होती. ती सुटली, पण दुसरी उभी राहिली. रेघ ज्याला दिसते त्याला ती कुठून निघाली तेही दिसतं. म्हणून पुढे असा मसाला आला, जो नळीतून बाहेर पडल्यावर काही अंतर जाऊन मगच नीट पेटतो.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक खुराक आहे. वेगात जाणाऱ्या गोळीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गोळीला मागे ओढते. ट्रेसरचा जळता वायू ही पोकळी थोडी भरून काढतो, त्यामुळे ओढ कमी होते. त्याच वेळी मसाला जळत असल्याने गोळी हलकीही होत जाते. म्हणजे ट्रेसर आणि शेजारची साधी गोळी एकाच नळीतून निघूनही लांब पल्ल्यावर एका वाटेने जात नाहीत. लांब मारा करणाऱ्या तोफगोळ्यांच्या बुडातून मुद्दाम वायू सोडण्याचं तंत्र याच तत्त्वावर उभं आहे.

आता असं काडतूस घरात ठेवण्याबद्दल. जिवंत काडतूस आगीत पडलं तर ते बंदुकीतून सुटल्यासारखं सुटत नाही. नळी नसल्याने दाब साठत नाही. पितळी पुंगळी फाटते, तिचे तुकडे उडतात आणि गोळी तुलनेने संथ निघते. डोळा जायला तेवढंही पुरतं. साध्या काडतुसाची गोष्ट इथे संपते, ट्रेसरची संपत नाही. त्याचा मसाला पेटला तर तो स्वतःचाच प्राणवायू वापरून जळतो, त्यामुळे वाळू टाकून तो गुदमरत नाही. पाणी मारावं तर तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन काढतं. जिथे पडेल तिथे दुसरी आग लावूनच तो विझतो. म्हणूनच अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी रानांत वणव्याच्या मोसमात ट्रेसर झाडायला बंदी घालतात. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात ट्रेसर बाळगण्यावर सरसकट बंदी नाही, पण कॅलिफोर्नियाने मात्र रायफलच्या ट्रेसरला थेट ‘विध्वंसक साधना’त टाकलं आहे.

जुनं काडतूस निवळतं, हा समजही चुकीचा आहे. दमट हवेत मॅग्नेशियम गंजतं, मसाल्याला भेगा पडतात, आणि मग तो कधी पेटेल, किती जळेल याचा नेम राहत नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याइतकी दमट हवा आणखी कुठे शोधायची?

या किनाऱ्याला दारूगोळ्याच्या आगीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. 14 एप्रिल 1944 ला रे रोडच्या दक्षिणेला, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, आणि सोबत कापसाच्या गासड्या. आग कापसात लागली आणि दारूगोळ्यापर्यंत पोचली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. देशभर 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्या आठवणीतला आहे. माझ्या मते त्या दिवशी दोष दारूगोळ्याचा कमी आणि त्याला दिलेल्या शेजाराचा जास्त होता.

आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती ट्रेसर येतो तो हौशी नेमबाजीतून नव्हे. येतो भंगारातून, नाहीतर घरातल्या जुन्या ट्रंकेतून. 30 सप्टेंबर 2004 ला गाझियाबादजवळ एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला जिवंत गोळा फुटून 10 कामगार मेले. त्यानंतर सुट्ट्या आयात भंगारासाठी जहाजावर चढवण्याआधीच तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या भंगाराला असा दाखला कोण देणार? नगरजवळच्या लष्करी सराव क्षेत्राच्या परिसरात न फुटलेले गोळे पितळ-तांब्यासाठी फोडताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. गॅस कटरची ज्योत अडीच हजार अंशांच्या वर असते आणि काडतुसातली दारू 170 ते 200 अंशांच्या दरम्यान आपोआप पेट घेते. पितळाच्या भावाकडे पाहणाऱ्याला हा दुसरा आकडा कुणी सांगितलेला नसतो.

कायदा काय म्हणतो? 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘प्रतिबंधित दारूगोळ्या’ची व्याख्या आहे. तीत विषारी वायू वा द्रव भरलेला दारूगोळा, रॉकेट, बाँब, हातगोळे, तोफगोळे येतात. बोफोर्सचा गोळा तोफगोळा असल्याने सरळ त्यात बसतो. या व्याख्येत ‘ट्रेसर’ हा शब्द मात्र नाही, आणि इथेच काही जणांना पळवाट दिसते. ती पळवाट नाही. लष्करी ट्रेसर ज्या मापात बनतात, ती .303 किंवा 7.62 ही मापं शस्त्र नियमांच्या पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वात कडक वर्गात आहेत. परवानाधारकालाही त्याच्या परवान्यावरच्या हत्याराचीच काडतुसं, तीही ठरलेल्या संख्येत, ठेवता येतात. आपल्याकडे नागरी रायफल .315 ची असते, त्यामागे हेच इंग्रजी डोकं आहे: पलटणीतून चोरलेलं काडतूस तिच्यात बसू नये.

2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बाळगल्याबद्दल 2 ते 5 वर्षं, आणि प्रतिबंधित असेल तर 7 ते 14 वर्षं कैद होऊ शकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात आणि 1994 मध्ये संजय दत्त प्रकरणात स्पष्ट केलं, की ‘बाळगणं’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं. विमानतळावर जुन्या बॅगेच्या कप्प्यात एखादं विसरलेलं काडतूस सापडल्याचे गुन्हे याच मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी रद्द केले आहेत. मला हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो उलट्या बाजूनेही लागू होतो. आजोबांच्या ट्रंकेतलं काडतूस काय आहे हे कळेपर्यंत तुम्ही सुरक्षित; कळल्यावर ते शोकेसमध्ये मांडलं, की ती जाणीव तुमचीच.

तेव्हा वखारीत वा घरात टोकाला लाल किंवा नारिंगी रंग असलेलं काडतूस दिसलं (‘नाटो’ पद्धतीच्या ट्रेसरची ही खूण), किंवा रंग उडून गेलेलं कसलंही जिवंत काडतूस दिसलं, तर ते घासू नका, पकडीने उघडू नका, खाडीत फेकू नका आणि स्कूटरच्या डिकीत घालून पोलीस ठाण्यातही नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या, माणसं लांब करा, आसपासचा कटर बंद करा आणि 112 ला फोन करा. बॉम्बशोधक पथक येऊन ते घेऊन जाईल. पोलिसांनी विचारलं तर कुठे, कधी, कसं सापडलं ते खरं सांगा.