‘द स्कार्लेट लेटर’: लपविलेल्या पापाची कथा

नॅथॅनिएल हॉथॉर्न ह्यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही अमेरिकन कादंबरी मार्च १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीचे वर्ष लेखकासाठी कसोटीचे होते. सत्तांतर झाल्यामुळे सेलम येथील जकात कचेरीतील त्यांची नोकरी गेली आणि त्याच उन्हाळ्यात मातोश्रीही निवर्तल्या. त्यानंतर त्यांनी ही कथा लिहावयास घेतली.

परंतु तिची मुळे अधिक खोल आहेत. हॉथॉर्न ह्यांचे पूर्वज प्युरिटन, म्हणजे अत्यंत कठोर आचारधर्म पाळणारे प्रॉटेस्टंट होते. त्यांपैकी एकाने क्वेकर पंथीयांचा छळ केला. दुसरे, जॉन हॅथॉर्न, १६९२ मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश होते. त्यांच्या कृत्यांची लाज लेखकाने प्रस्तावनेत स्वतःच्या शिरावर घेतली आहे.

कथानक घडते सतराव्या शतकातील बॉस्टनमध्ये. पती दूर असताना हेस्टर प्रिनला कन्या होते. व्यभिचाराची खूण म्हणून तिने छातीवर लाल ‘ए’ अक्षर वागवावे, अशी शिक्षा होते. मुलीचा पिता कोण, हे ती सांगत नाही. तो असतो तेथील लोकप्रिय पाळक आर्थर डिम्सडेल.

हेस्टर दीनदुबळ्यांची व रुग्णांची सेवा करीत राहते. पुढे लोकच त्या अक्षराचा अर्थ ‘एबल’, म्हणजे समर्थ, असा लावू लागतात. डिम्सडेल मात्र बंद खोलीत स्वतःला फटके मारतो, उपवास करतो, व्यासपीठावरून आपण महापापी असल्याचे मोघमपणे सांगतो आणि श्रोते ती नम्रता समजून त्याला अधिकच मान देतात! हा भाग आम्हा धर्मगुरूंनी तरी दोनदा वाचावा. देहदंड पुष्कळ, पण कबुली नाही. दरम्यान हेस्टरचा पती वैद्य म्हणून त्याच्या घरात शिरतो आणि सूडापायी स्वतःच सैतानासारखा होतो. सात वर्षांनी शिक्षेच्या चौथऱ्यावर डिम्सडेल सर्वांसमोर पाप मान्य करतो व तेथेच प्राण सोडतो.

पाप चव्हाट्यावर आणण्याची सोय त्या समाजापाशी होती. पापनिवेदन ऐकून क्षमा देणारा संस्कार नव्हता. लेखकाला ही उणीव जाणवली असावी. ते कॅथलिक नव्हते, तरी १८६० च्या ‘द मार्बल फॉन’ ह्या कादंबरीत त्यांची प्रॉटेस्टंट नायिका रोमच्या संत पेत्र महामंदिरात पापनिवेदन करून मनावरचे ओझे उतरविते.

त्यांची धाकटी कन्या रोझ १८९१ मध्ये कॅथलिक झाली. न्यूयॉर्कमधील निर्धन कर्करुग्णांच्या सेवेसाठी तिने डॉमिनिकन धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी तिला ‘वंदनीय’ घोषित करण्यास मान्यता दिली.