पाच गावांचा एक पाळक

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघालं की काटेवाडी-कन्हेरीचा टापू लागतो. कन्हेरीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते निवडणुकीमुळे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीपुढे फुटतो. 1885 साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला, मागोमाग कारखाने आणले. कालव्याचं पाणी जिथे चढलं नाही ती गावं मात्र जिरायतच राहिली. या जिरायत गावांच्या पाण्याच्या इतिहासात चर्चचा वाटा आहे, आणि तो आज फार थोड्यांच्या लक्षात आहे.

शरद पवार 1967 साली बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले, तो अवर्षणाचा काळ होता. त्या वर्षांत ‘कासा’ या चर्चेसच्या मदतसंस्थेकडून इथे गहू आणि तेल आलं. धान्य फुकट वाटायचं नाही, कामाच्या मोबदल्यात द्यायचं, असा रिवाज होता. त्यातून ओढ्या-नाल्यांवर मातीचे बांध घातले गेले, पाझर तलाव झाले. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला शरद पवारांचे थोरले बंधू अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याच्या पायाशी पाझर तलावांचं हे काम आहे.

पाझर तलावाचं पाणी पाटाने शेतात जात नाही. ओढ्याला आडवा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं आणि मुरू द्यायचं. ते जमिनीच्या पोटातून खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं आणि रब्बीच्या पिकाला दोन पाळ्या जास्त मिळतात. यात एक सल आहे, तो सांगितलाच पाहिजे. पाणी विहिरीला लागतं, आणि विहीर जमीनवाल्याची असते. गावकुसाबाहेरच्या भूमिहीनाच्या पदरात पडलं ते मजुरीचं धान्य. खेड्यातले ख्रिस्ती बहुतेक याच वस्त्यांतले. म्हणजे चर्चच्या नावाने आलेल्या मदतीतून उभ्या राहिलेल्या पाण्याचा सगळ्यांत कमी लाभ चर्चच्याच माणसांना झाला असणार. तरीही ती मदत जात-धर्म न विचारता सगळ्या गावासाठी खर्ची पडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘कासा’ कुणा एका चर्चची नाही. फाळणीच्या निर्वासितांना मदत करण्यासाठी 1947 साली प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसनी मिळून हे काम सुरू केलं. कॅथलिकांची वेगळी संस्था, कॅरितास इंडिया, 1962 सालची. उपासनेच्या पद्धतीवरून एका मेजाभोवती न बसणारे पंथ दुष्काळात एका वखारीतून गहू वाटू लागले. महाराष्ट्रातल्या ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांच्या सहकार्याचा इतिहास असाच आहे. आधी गरजेने हात एकत्र आले, घटना आणि ठराव मागाहून झाले.

हे बघायला नगर जिल्ह्यात जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनने 1831च्या डिसेंबरात अहमदनगरला ठाणं केलं. सुरुवातीची वीस वर्षं सगळा कारभार शहरातल्या मंडळीत एकवटलेला होता. भोवतालच्या खेड्यांत बाप्तिस्मा घेतलेली कुटुंबं विखुरलेली, कुठे चार, कुठे सहा. 1854 साली हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि प्रसारही आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर नगरच्या खेड्यापाड्यांत लहान लहान मंडळ्या स्थापन होऊ लागल्या.

विचार चांगला होता, पण पैशाचं गणित कठीण होतं. गावातली ख्रिस्ती कुटुंबं बहुतेक महार आणि मांग समाजातली. त्यांचं पोट बलुत्यावर आणि मजुरीवर. दहा-बारा घरांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? म्हणून चार-पाच गावं एका पाळकाकडे आली. गावात राहणारा शाळामास्तरच रविवारी उपासना चालवू लागला. बायबलबाई घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवू लागली. ही रचना आजही टिकून आहे. पाळक सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. प्रभुभोजनाला महिन्यातून एकदा फेरी. बाकीच्या रविवारी मंडळीतला वडील शास्त्रपाठ वाचतो, प्रार्थना चालवतो आणि अर्पणाचा हिशेब वहीत मांडतो. रात्री-अपरात्री कुणी गेलं की शेजारच्या गावचा वडील मातीसाठी येऊन उभा राहतो. या वडिलांबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. मिशनऱ्यांची चरित्रं मात्र कपाटभर आहेत.

मिशनऱ्यांनीही आपसांत वाटणी केली होती, पण ती वेगळ्या जातीची. नगर अमेरिकन काँग्रिगेशनलांकडे, कोल्हापूर-सांगलीकडचा मुलूख अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे, जालना स्कॉटिश मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये, असा संकेत. माणसाचा पंथ त्याच्या जिल्ह्यावरून ठरला. संकेत मोडला की भांडण उभं राही. 1870च्या दशकात अँग्लिकन एस.पी.जी. मिशन नगर भागात आलं तेव्हा तेच झालं. पुढे शंभर वर्षं नगरकडच्या ख्रिस्ती माणसाची ओळख ‘अमेरिकन मिशनचा’ की ‘एस.पी.जी.चा’ अशी व्हायची. वस्ती एक, सोयरीक एक, आणि घंटा दोन.

या कुंपणांचा जाच नारायण वामन टिळकांना नेमका जाणवला होता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे बरोबरीने बसावेत, ही त्यांची मनीषा. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. परदेशी पंथांची भांडणं मराठी माणसाने कशाला वाहायची, हा त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याचं उत्तर टप्प्याटप्प्याने मिळालं. 1924 साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. 1929 साली लखनौला सुरू झालेल्या वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या. अखेर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट युनायटेड चर्चला येऊन मिळाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) अस्तित्वात आलं. नगरची अमेरिकन मंडळी आणि एस.पी.जी. कागदावर एक झाल्या. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च मात्र ऐन वेळी बाहेर राहिलं.

कागदावरच्या ऐक्याने गावात काय बदललं? माझ्या मते अपेक्षेपेक्षा कमी. पगार आणि बदल्या वरच्या कचेरीतून होऊ लागल्या आणि मंडळ्यांची नजर एकमेकींऐवजी वर लागली. मिशनच्या जमिनींवरून न्यायालयीन वाद वाढले आणि त्यात चांगली माणसं खर्ची पडली. शिवाय 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. गावातली मंडळी गरीब राहण्याचं हे एक उघड कारण आहे, आणि त्यावर बोलताना सगळे पंथ अजूनही एका सुरात बोलतात.

गावपातळीवरचं सहकार्य कसं चालतं हे पाहायचं असेल तर कापणीचा सण पाहावा. उपासनेनंतर वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडी, अंडी, नारळ, घरचा गूळ मांडलेला असतो. मग लिलाव. दहा रुपयांच्या भोपळ्याला शंभराची बोली लागते आणि घेणारा तो परत वेदीपुढे ठेवतो, पुन्हा बोली लागावी म्हणून. शेजारच्या मंडळीची माणसं मुद्दाम येतात, चढ्या बोली लावतात. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे सण असतो, तेव्हा हे तिकडे जातात. छपराचे पत्रे, पाळकाचा प्रवासखर्च, एखाद्या विधवेच्या मुलीची फी यातून निघते. इथे कुणी कुणाच्या उपकाराखाली राहत नाही, कारण फेड ठरलेली असते.

कॅथलिक बाजूलाही हीच वाट सापडते. नगर जिल्ह्यात काम केलेले स्विस येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामाला गावाच्या श्रमदानाची आणि चराईबंदीची जोड दिली. 1989च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आकाराला आला, 1993 साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. त्या कामात ख्रिस्ती-अख्रिस्ती हा भेद उरला नाही. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात, त्याच नगर जिल्ह्यातली ही गोष्ट.

बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात पुन्हा अवर्षण येणार, हे सांगायला जाणकार नको. तेव्हा धान्य कुठून येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा तालुक्यातल्या सगळ्या मंडळ्यांनी, त्यात सी.एन.आय., मेथडिस्ट, कॅथलिक असे सगळे आले, यंदाच्या कापणीच्या सणाला एक बैठक घ्यावी. प्रत्येक मंडळीचे दोन वडील आणि दोन बाया असाव्यात, हिशेबाची एकच वही असावी, आणि पहिला हक्क ज्याच्याकडे विहीर नाही त्याचा असावा. वरच्या कचेरीच्या परवानगीसाठी हे काम अडत नाही. आणि ज्या चर्चच्या पेटीत साठ-सत्तर सालच्या गहूवाटपाच्या वह्या वाळवीच्या तोंडी आहेत, त्यांनी त्या आधी बाहेर काढाव्यात.