मांगूर चिवट आहे, म्हणून तो उरेलच असे नाही

‘मांगुरावर सरकारची बंदी आहे,’ असे पुष्कळ जण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली ती थाई मांगुरावर. नाव थाई असले तरी तो मूळचा आफ्रिकेतला. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्याच्या पैदाशीविरुद्ध आदेश दिले. आपला देशी मांगूर ही वेगळी जात आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, बिहारने तिला राज्यमाशाचा मान दिला, आणि आययूसीएनच्या लाल यादीत ती संकटग्रस्त आहे. बंदी परक्यावर आणि बदनामी घरच्याची, असे झाले आहे. देशी मांगूर साधारण फूट-दीड फुटापर्यंत वाढतो, तर थाई मांगूर दीड मीटरपर्यंत. तेव्हा तीन-चार किलोचा मांगूर कुणी गावरान म्हणून विकत असेल, तर तो गावरान नाही.

दुसरा समज त्याच्या चिवटपणाचा. मांगूर पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो, ओल्या रात्री छातीच्या काट्यांवर रेटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो, हे खरेच आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा फुटलेला एक अवयव असतो आणि त्याने तो थेट हवा घेतो. पण त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावे लागते, आणि कातडी ओली राहावी लागते. उन्हाळ्यात तो चिखलात दडून तग धरतो. त्या चिखलातली ओलही गेली, तर तोही जातो.

यातूनच तिसरा समज निघाला, की मृगाच्या पावसात मांगूर चिखलातून आपोआप उपजतो. खरे काय घडते ते कळायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्याचा भूगोल डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला वैनगंगा, तिच्या पलीकडे गडचिरोली, अलीकडे धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, माजी मालगुजारी तलाव आणि पाथरीजवळचा मोठा आसोलामेंढा. पाऊस लागला की नाले फुगतात आणि नदी, तलाव, बांध्या काही आठवड्यांपुरत्या एकमेकांना जोडल्या जातात. चिखलात आणि डोहात टिकून राहिलेले मांगूर त्या वाटेने चढतात, ते विणीसाठी. वीतभर पाण्यात, गवताच्या आडोशाला मादी चिकट अंडी घालते. नर ती राखतो, आणि दिवसभरात पिल्ले बाहेर पडतात. रोहूची मादी लाखांनी अंडी देते. मांगुराची अंडी काही हजारच. त्यामुळे चढणीला धरलेली एक गाभोळीची मादी हे मोठे नुकसान असते. ‘दोन-चार मासे धरल्याने नदी रिकामी होते का?’ हा प्रश्न मांगुराला लावता येत नाही.

‘वैनगंगेत पाणी आहे तोवर मासा आहे’ हेही तितकेच चुकीचे. मांगुराला नुसते खोल पाणी पुरत नाही, त्याला उथळ काठ लागतो. सिमेंटचा कालवा शेताला पाणी देतो, पण त्यात गवताचा काठ नसतो. बोडी बुजली, नाल्याचे तोंड बंद झाले, काठावर बेशरमीची झुडपे माजली किंवा बांधीत कीटकनाशक पडले, की पाणी दिसते तसेच राहते आणि विणीची जागा संपते. माझ्या मते हा मासा कमी होण्याचे सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे.

मग बाहेरून बीज आणून तलावात सोडले तर? देशी मांगुराचे बीज तयार करणे अवघड आहे. त्यासाठी बहुधा नराला मारूनच शुक्रद्रव्य काढावे लागते, शिवाय वाढही हळू. म्हणून बीज महाग आणि दुर्मीळ. स्वस्तात भरपूर मिळाले, तर ते थाई असण्याची शंका आधी घ्यावी. थाई मांगूर तलावातले लहान मासे आणि बेडूक फस्त करतो, आणि पुराच्या पाण्याबरोबर नदीतही पोहोचतो.

ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी बीज घेताना जात तपासून घ्यावी, आणि मृग-आर्द्रात बांधीत चढलेली गाभोळीची मादी हाती लागली तर तिला सोडून द्यावे. एवढे गावातले कुणीही करू शकते.