पुस्तक हाताशी नसताना

कादंबरीवरून पटकथा लिहिणारा माणूस आधी कादंबरी पुढ्यात घेऊन बसतो. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझोकडे तीच नव्हती. स्तानिस्ला-आंद्रे स्टीमन या बेल्जियन लेखकाची 'लेजितीम देफाँस' ही रहस्यकथा तेव्हा बाजारात मिळेना. क्लूझोने लेखकाकडेच प्रत मागितली आणि ती येईपर्यंत थांबण्याऐवजी झाँ फेरीला सोबत घेऊन आठवेल तसे लिहायला सुरुवात केली. त्यातून 1947 साली 'के दे झोर्फेव्र्' हा चित्रपट उभा राहिला. कथा मूळ कादंबरीपासून इतकी लांब गेली होती की खुनीसुद्धा बदलला होता.

स्टीमनला हे रुचले नाही. रहस्यकथाकाराची सारी मेहनत खुन्यापर्यंतच्या वाटेत असते, त्यामुळे त्याचा राग रास्तच होता. पण क्लूझोच्या मनात कोडे राहिलेच नव्हते, माणसे राहिली होती. आणि ही माणसे आपापल्या कामात गुंतलेली दिसतात, हे या चित्रपटाचे खरे बळ आहे.

सुरुवातीचे गाणेच पाहावे. जेनी (सुझी देलेर) संगीत प्रकाशकाकडे गाणे म्हणू लागते, तालमीत ते पुढे सरकते आणि प्रेक्षकांनी भरलेल्या रंगमंचावर पूर्ण होते. जागा बदलतात, गाणे मात्र सलग चालू राहते. पियानोवर तिचा नवरा मोरिस (बेर्नार ब्लिए). त्याचा संशयी स्वभाव इथेच कळतो. त्यासाठी वेगळा प्रसंग लिहावा लागलेला नाही.

पोलिसांकडेही क्लूझो त्याच नजरेने पाहतो. चित्रपटाचे नाव म्हणजे सीन नदीकाठचा पॅरिसच्या गुन्हे पोलिसांचा तेव्हाचा पत्ता. तिथल्या गर्दीच्या खोल्यांत टाइपरायटर खडखडतात, जबान्या घेतल्या जातात, बातमीदार घोटाळत राहतात. लुई जूवेचा इन्स्पेक्टर आंत्वान चमत्कारिक बुद्धीचा गुप्तहेर नाही. वसाहतीतल्या फौजेत नोकरी करून आलेला, थकलेला, लहान मुलाला एकट्याने वाढवणारा हा नोकरदार माणूस आहे. तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो, खोटे बोलणाऱ्याला बोलू देतो. जूवेचा आवाज क्वचितच चढतो, म्हणून चढला की समोरच्याबरोबर आपणही दचकतो.

जर्मन भांडवलाच्या कंपनीसाठी 'ल कोर्बो' केल्यामुळे युद्धानंतर क्लूझोवर चित्रपट बनवण्याची बंदी आली होती. ती उठल्यावरचा हा त्याचा पहिला चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.