रद्दी कागदाची टोपली

शिमगा झाला, की घरे सारवायला निघतात. माळ्यावरची, कोनाड्यातली, फडताळातली अडगळ खाली येते. त्या अडगळीत कागद किती निघतो, तो एकदा गोळा करून पाहा. मुलांच्या संपलेल्या वह्या, जुनी वर्तमानपत्रे, वाण्याच्या पुड्या, लग्नाच्या पत्रिका, निवडणुकीची पत्रके. चार-पाच किलो कागद सहज जमतो. कोणी तो चुलीत घालतात. कोणी रद्दीवाल्याला देतात. आणि काही जुन्या बायका तो पाण्यात भिजत घालतात.

ह्या भिजत घालणाऱ्या बायकांची विद्या आम्ही आज सांगणार आहोत.

कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथी वाटून घालायची आणि तो लगदा पालथ्या भांड्यावर थापून टोपली करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या आईच्या घरी अशा तीन टोपल्या होत्या. एकीत कापूस असे, एकीत लसूण, आणि तिसरीत वाती, सुई-दोरा असे किरकोळ जिन्नस. बांबूचे सूप जुने होऊन त्याच्या फटी पडल्या, तरी आई त्याला आतून-बाहेरून हाच लगदा लिंपत असे. सूप आणखी दोन-तीन वर्षे चाले.

काश्मीरमध्ये कागदाच्या लगद्याचे नक्षीदार डबे आणि फुलदाण्या करतात. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीन याच्या काळी ही कला इराण आणि मध्य आशियाकडून तिकडे आली, असे मानतात. त्या डब्यांवर रंग असतो, सोनेरी काम असते. आपली टोपली तेवढी देखणी नाही. पण ती करायला घरातली रद्दी, थोडी मेथी आणि चार दिवसांचे ऊन एवढेच लागते.

तर आता कागद पाण्यात टाकायचा. थांबा! टाकू नका. आधी एक काम राहिले आहे.

कागदाला पाय लागला, की आपण हात लावून नमस्कार करतो. कागद म्हणजे सरस्वती, असे आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. चांगली गोष्ट आहे. पण नुसता नमस्कार करून भागत नाही. कागदावर काय लिहिले आहे ते वाचले पाहिजे. आम्ही असे का म्हणतो, ते ऐका.

ही १९८३ सालची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा एका लहान गावात शाळेवर होतो. आमच्या शेजारी एक आजी राहात. हात असा, की त्यांनी केलेली टोपली गावात ओळखू येई. वाचता मात्र येत नसे. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी माळ्यावरचे एक बारदान उतरवले. त्यात कागदांचा गठ्ठा होता. त्यांना वाटले, नातवाच्या वह्या असतील. वह्या होत्याच. पण वह्यांच्या मधोमध त्यांच्या मुलाने सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या ठेवल्या होत्या. सगळा गठ्ठा पाण्यात गेला. टोपली झकास झाली.

दिवाळीनंतर सोसायटीकडून नोटीस आली. मागचा हप्ता भरलेला नाही, व्याजासह भरा. मुलगा म्हणाला, "मी तर भरलाय." तिथले लोक म्हणाले, "मग पावती दाखव." त्यांच्या वहीत नोंद नव्हती. ती का नव्हती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

एके दिवशी संध्याकाळी आजी ती टोपली पदराखाली घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. ह्यात कुठं दिसती का बघा की."

आम्ही टोपली उजेडात धरली. उगीचच धरली, खरे म्हणजे. लगद्यात काय दिसणार? कुठे अर्धा काना, कुठे निळ्या शाईचा डाग. काठाशी एक जांभळा ठिपका होता. तो शिक्क्याचा असेल, किंवा नसेलही. आम्ही मान हलवली. आजी काही बोलल्या नाहीत.

दोन शेळ्या विकून त्यांनी हप्ता पुन्हा भरला. ती टोपली त्यांच्या घरी बरीच वर्षे होती, पण आजींनी तिच्यात कधी काही ठेवले नाही. त्या हिवाळ्यात त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊन बसल्या. प्रौढांचे वर्ग तेव्हा गावोगाव चालत असत. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम १९७८ साली २ ऑक्टोबरला सुरू झाला होता. वर्गात सगळे जण आधी स्वतःचे नाव लिहायला शिकत. आजी म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ द्या मास्तर. मला आधी पावती कशी लिहित्यात ते दावा."

म्हणून सांगतो. कागद भिजवण्याआधी प्रत्येक कागद हातात घ्या. तुम्हाला आता अक्षरे लागतात. सगळे वाचायला जमले नाही, तरी चार खुणा पाहा. कागदावर शिक्का आहे का? कोणाची सही किंवा अंगठा आहे का? वर मुद्रांक, म्हणजे स्टँपाची छाप आहे का? रक्कम आणि तारीख आहे का? ह्यांतले एकही दिसले, तर तो कागद बाजूला ठेवा. पावती, दाखला, सातबारा, फेरफार, खरेदीखत, पासबुक, करार, हे शब्द ओळखायला शिका. ते मथळ्यातच मोठ्या अक्षरांत असतात. सातबाऱ्याची नक्कल आता संगणकावरून पुन्हा मिळते. जन्माच्या दाखल्याचीही मिळते. पण हातात दिलेली साधी पावती गेली, की बहुधा गेलीच. वह्यासुद्धा झटकून पाहा. मुले पानांत काय काय ठेवतात! आम्हाला एकदा दहा रुपयांची नोट सापडली होती.

एवढे झाले, की कामाला लागा.

कागद निवडताना वह्यांचा आणि वर्तमानपत्रांचा घ्यावा. तो लवकर भिजतो. चकचकीत मासिकांचा आणि रंगीत पत्रिकांचा कागद घेऊ नये. त्याच्यावर गुळगुळीत लेप असतो. तो पाणी नीट पीत नाही आणि लगद्यात गुठळ्या राहतात. चहाचे कागदी पेलेही नकोत. त्यांना आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. वह्यांच्या टाचण्या आणि तारा सगळ्या काढा. एक तार राहिली, तर कुटताना किंवा मळताना हातात घुसते.

कागदाचे बोटभर तुकडे करून ते बादलीत किंवा रांजणात भिजत घाला. तीन ते चार दिवस भिजू द्या. रोज पाणी बदला, नाहीतर वास मारतो. कागद म्हणजे गवत, लाकूड, चिंध्या यांचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून झालेला पापुद्रा. पाण्याने ती गुंतागुंत सैल होते. कुटले, की तंतू सुटे होतात. पुन्हा वाळले, की ते एकमेकांना नव्याने धरतात. टोपलीचे बळ त्या धरण्यात आहे. म्हणून कुटण्यात आळस करू नये. ज्या टोपलीत अक्षरे वाचता येतात, ती कच्ची कुटलेली समजावी.

चौथ्या दिवशी कागद घट्ट पिळून उखळात घाला आणि मुसळाने कुटा. उखळ नसेल, तर पाट्यावर वाटा. कणकेसारखा मऊ झाला पाहिजे. आदल्या रात्री मेथी भिजत घाला. सकाळी दाणे फुगून बुळबुळीत होतात. तो बुळबुळीतपणा म्हणजेच आपला डिंक. मेथी बारीक वाटून लगद्यात मिसळा. एक किलो कोरड्या कागदाला साधारण पावशेर मेथी पुरते. पण प्रत्येक बाईचे माप वेगळे. लगद्याचा गोळा मुठीत दाबून सोडला आणि तो फुटला नाही, म्हणजे मेथी पुरली, हे खरे माप. मेथी कडू असते, त्यामुळे टोपलीला कीड सहसा लागत नाही, असाही जुन्या बायकांचा अनुभव आहे.

मेथी महाग वाटली, तर चिंचोक्याची खळ चालते. चिंचोके भाजायचे, टरफले काढायची, दळायचे आणि ते पीठ पाण्यात शिजवायचे. चिंचोके तर फुकटचेच. गव्हाच्या पिठाचीही खळ होते, पण तिला उंदीर आणि झुरळे लागतात. त्यावर उपाय म्हणून कोणी खळीत मोरचूद टाकतात. ते विष आहे. घरच्या टोपलीत ते घालू नका.

आता साचा. पातेले, घमेले किंवा मडके पालथे घाला. त्यावर ओले फडके किंवा प्लॅस्टिकचा कागद पसरा, म्हणजे लगदा भांड्याला चिकटत नाही. मडके घेतले, तर लगदा त्याच्या पोटापर्यंतच थापावा. पोटाच्या खाली, गळ्याकडे गेलात, तर टोपली निघायची नाही. मग मडके तरी फोडा, नाहीतर टोपली तरी. आम्ही एकदा मडके फोडलेले आहे. घरात दोन दिवस कोणी आमच्याशी धड बोलले नाही.

पालथ्या भांड्याच्या बुडापासून सुरुवात करा आणि खाली काठाकडे या. तळहात पाण्यात बुडवून थोपटत जा, भाकरी थापतो तसे. अर्धा बोट जाडी पुरे. बुडाला थोडी जास्त ठेवा. सगळीकडे जाडी सारखी हवी. पातळ जागा आधी वाळते, जाड जागा मागे राहते, आणि दोघींच्या ओढाताणीत चीर पडते.

वाळवण्यातच बहुतेकांची टोपली बिघडते. नवी माणसे घाई करतात आणि टोपली लगेच कडक उन्हात ठेवतात. वरचा थर वाळून आवळतो, आतला ओलाच असतो. टोपली तडकते. म्हणून पहिला दिवस सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी कोवळे ऊन द्या. काठ कडक झाला, पण आतून अजून थोडी ओल आहे, अशा वेळी टोपली भांड्यावरून उतरवा. वाळताना लगदा आवळतो, भांडे काही आवळत नाही. पुरती वाळेपर्यंत वाट पाहिलीत, तर टोपली भांड्याला घट्ट बसते. उतरवल्यावर मात्र दोन-तीन दिवस खणखणीत ऊन द्या. बोटाने वाजवल्यावर टणक आवाज आला, की वाळली. बारीक चिरा पडल्या असतील, तर त्यांत ताजा लगदा भरा. हे सगळे काम फाल्गुन ते वैशाख ह्या दिवसांतले. पावसाळ्यात करू नका. टोपली वाळायच्या आधी तिला बुरशी येते.

वाळल्यावर आतून-बाहेरून खळीने जुन्या लुगड्याचे तुकडे चिकटवले, तर टोपली दुप्पट टिकते. वरून गेरू लावा, चुन्याची बोटे उठवा. ज्याची त्याची हौस.

एक गोष्ट पूर्वी कोणाला ठाऊक नव्हती, ती आता ठाऊक झाली आहे. छापील कागदाची शाई पोटात जाणे चांगले नाही. २०१६ साली केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, असे लोकांना बजावले. तेव्हा वर्तमानपत्राच्या टोपलीत भाकरी, भजी, पीठ असे ठेवू नये. कापूस, लोकर, सुई-दोरा, मुलांची खेळणी, सालीसकट लसूण-कांदा, असे जिन्नस ठेवावेत. जुन्या सुपाला लगदा लिंपायचा, तर तोही कोऱ्या कागदाचा असावा. छापील लगद्याच्या सुपात धान्य पाखडू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. टोपली ओल्या जमिनीवर ठेवली, की खालून मऊ पडते. पाटावर किंवा फळीवर ठेवा. कोरडी राहिली, तर पुष्कळ वर्षे जाते.

पुष्कळ जण विचारतात, ह्यातून पैसा मिळेल का? आम्ही स्पष्टच सांगतो. टोपलीच्या मागे सहा-सात दिवस जातात. हातचे काम तासा-दोन तासांचे असते, बाकीचे दिवस भिजण्याचे आणि वाळण्याचे. बाजारात प्लॅस्टिकची टोपली स्वस्त मिळते. तिच्याशी किमतीत बरोबरी करायला जाल, तर मजुरीही सुटणार नाही. बचत गटाच्या बायका जत्रेत किंवा शहरातल्या प्रदर्शनात चांगल्या रंगवलेल्या टोपल्या मांडतात, तिथे बरा भाव येतो. हात बसला असेल तर अवश्य न्या. पण ह्यासाठी कर्ज काढू नका आणि रद्दी विकत आणू नका. घरातला कागद संपला, की त्या वर्षीचे काम संपले. विकत न आणलेली टोपली, एवढा नफा तर पहिल्याच दिवशी पदरात पडतो.

आणि टोपली जुनी होऊन फुटली, तर फेकू नका. चिकटवलेले कापड सोलून काढा आणि तुकडे पुन्हा पाण्यात घाला. दोन दिवसांत त्यांचा लगदा होतो. थोडी नवी मेथी आणि मूठभर नवा कागद मिसळला, की त्याच भांड्यावर दुसरी टोपली थापता येते.