वीस वर्षांच्या उंबरठ्यावर

वायुदलाच्या तळाजवळील शाखेत काम करणाऱ्या बँक अधिकाऱ्याला एक प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा चाळिशीच्या आतला विंग कमांडर असतो. सोबत पत्नी असते, हातात मुदत ठेवींच्या पावत्या असतात. वायुदल सोडून प्रवासी विमानसेवेत जावे काय, असा तो प्रश्न.

मोह स्वाभाविक आहे. प्रवासी विमानाच्या कप्तानाचे वेतन लष्करी वेतनाहून पुष्कळ अधिक, शिवाय सततच्या बदल्यांतून मुलांच्या शाळेची सुटका. दलात हुद्दा वाढतो तसे उड्डाण घटते व कागदपत्रे वाढतात. उडण्यासाठीच गणवेश चढविलेल्या माणसाला हेच अधिक बोचते. नागरी वैमानिक वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उडू शकतो.

अडचण आहे ती कालगणनेची. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी साधारणतः २० वर्षांची सेवा लागते. उलटपक्षी विमान कंपनीत ज्येष्ठता रुजू झाल्या दिवसापासून मोजतात. स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेल्या अधिकाऱ्यालाही तेथे बहुधा सहवैमानिकाच्या आसनावरूनच आरंभ करावा लागतो. म्हणजे थांबावे तर ज्येष्ठता जाते, निघावे तर आजन्म निवृत्तिवेतन.

सतराव्या वर्षी विचारणाऱ्यास माझे उत्तर ठरलेले आहे : थांबावे. २००४ मध्ये केंद्राच्या नव्या मुलकी कर्मचाऱ्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, परंतु सैन्यदले तिच्याबाहेर राहिली. अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतके, महागाईबरोबर वाढणारे हे उत्पन्न कोणतीही ठेव देऊ शकत नाही. (बँकेच्या अंकात हे लिहिणे जरा विचित्रच!) किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा कप्तानांचेही महिनोन्‌महिन्यांचे वेतन थकले होते.

अर्थात २० वर्षे भरली म्हणजे सर्व निर्वेध झाले असे नव्हे. ७ नोव्हेंबर २०१५ च्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' आदेशाने यापुढे स्वेच्छेने मुदतपूर्व बाहेर पडणाऱ्यांना त्या लाभातून वगळले. हा वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत गेला. मुदतपूर्व सुटका हा हक्कही नाही. अर्ज मंजूर व्हावा लागतो, आणि दलाला वैमानिकांची निकड असल्यास तो नामंजूरही होतो. म्हणूनच सुटकेचा आदेश हाती येण्यापूर्वी भावी वेतनाच्या भरवशावर गृहकर्जाचा हप्ता ठरवू नये. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करून मिळालेली सर्व रक्कम नव्या विमानप्रकाराच्या प्रशिक्षणावर खर्चणे हेही मला पटत नाही. तो कापलेला हिस्सा पूर्ववत व्हायला १५ वर्षे लागतात.

अल्पसेवा आयोगातील वैमानिकांची गोष्ट निराळी. त्यांची १४ वर्षांची मुदत संपते, निवृत्तिवेतन नसते. तेव्हा नागरी परवान्याच्या परीक्षांची तयारी गणवेशात असतानाच व्हावी हे उत्तम. वाहतूक वैमानिकाच्या परवान्याला १५०० उड्डाणतास लागतात. मालवाहू विमाने चालविणाऱ्याकडे ते सहसा असतात, लढाऊ वैमानिकाला मात्र एकेक तास मोजावा लागतो.

तिसरी वाटही आहे. अंतराळवीर राकेश शर्मा १९८७ मध्ये वायुदल सोडून हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले आणि नाशिकजवळच्या ओझरला चाचणी वैमानिक म्हणून उडत राहिले.

आमच्या टेबलापाशी पती उड्डाणतास सांगतो. मुलीच्या दहावीचे वर्ष कोणते, हे पत्नी सांगते. आणि पुष्कळदा तारीख त्यावरूनच ठरते.